सबसिडीचा अर्ज यंत्राने जरूर तपासावा, पण आमचा पैसा खर्च होण्याआधी

घराच्या छतावर सौर पॅनेल बसविण्यासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना आणली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि 75 हजार 21 कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे तीन किलोवॅटच्या किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त 78 हजार रुपये सबसिडी मिळते. थंडीच्या दिवसांत फजरच्या वजूसाठी ज्या घरात गीझर लावला जातो, त्या घराला आपले वीजबिल चांगलेच ठाऊक असते. (सौर बंबावर पूर्वी केंद्राची सबसिडी होती, ती 2014 मध्ये बंद झाली.) तेव्हा आपल्या वस्त्यांतही या योजनेची चौकशी वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय.

सदर योजनेचा सर्व कारभार ऑनलाइन आहे. वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक आणि मोबाइल क्रमांक टाकला की नोंदणी होते. 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीसाठी थांबावे लागत नाही. 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि असा अर्ज आपोआप मंजूर धरला जाऊ लागला.

ज्यांनी कापडाच्या धंद्यात सबसिडीचे कागद पुढे सरकवले आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. मागासाठी केंद्राची तंत्रज्ञान सुधार निधी योजना 1999 मध्ये सुरू झाली. 2016 मध्ये तिचे नवे रूप आले, तेव्हा अर्ज संगणकावर गेले खरे, पण यंत्राची प्रत्यक्ष पाहणी होऊन पैसे सुटेपर्यंत कारखानदाराने वाट पाहायची, हे काही सुटले नाही. कित्येकांनी मध्येच आशा सोडली. टेबलामागचा माणूस, त्याची दुपारची सुटी आणि दारातला दलाल हे तिन्ही ज्या यंत्राने दूर होतात, त्या यंत्राच्या मी विरुद्ध नाही. माझी तक्रार यंत्र प्रश्न कधी विचारते याबद्दल आहे.

क्रम पाहा. आधी नोंदणी, मग व्हेंडरची निवड, मग छतावर पॅनेल, मग नेट मीटर, मग वीज कंपनीची तपासणी आणि सर्वांत शेवटी बँक खात्याचा तपशील. म्हणजे ज्या खात्यात सबसिडी यायची, त्या खात्यावरचे नाव आणि वीजबिलावरचे नाव एकच आहे की नाही, ही गाठ पडते तेव्हा ग्राहकाचा सगळा पैसा छतावर चढलेला असतो.

माझेच उदाहरण देतो. घराचे मीटर मरहूम वडिलांच्या नावावर होते. ते माझ्या नावावर करून घेण्यात मृत्यूचा दाखला, भावांची संमती, बहिणींची संमती यांत चार महिने गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते काम आम्हीच वीस वर्षांपूर्वी करायला हवे होते. त्यानंतर अर्ज केला, एका दिवसात मंजूर झाला, तीन किलोवॅटचे पॅनेल बसले आणि एक लाख नव्वद हजार रुपये मी रोख मोजले. मीटरही लागले. बँकेचा तपशील भरला आणि मोबाइलवर एका ओळीचा संदेश आला : नाव जुळत नाही. कोणते नाव कशाशी जुळत नाही, याचा उल्लेख नव्हता. मदतवाहिनीवर फोन केला, तर तेथील मुलीने तोच संदेश मला वाचून दाखविला.

शोध घेता असे दिसले की वीजबिलावर मी ‘मोहम्मद’ आहे आणि बँकेने पंचवीस वर्षांपूर्वी खाते उघडताना ‘एमडी’ अशी दोन इंग्रजी अक्षरे टाकून ठेवली आहेत. आधारवर आणखी तिसरीच तऱ्हा आहे. उर्दू शाळेच्या दाखल्यावर हे नाव मीम, हे, मीम, दाल अशा चार अक्षरांत लिहिलेले आहे आणि त्यात चुकायला जागा नाही. मराठी कारकुनाने ते कधी महमद, कधी महंमद, तर कधी मोहं. असे लिहिले. इंग्रजीत किती रूपे झाली याची मोजदाद नको. शेख कोणाच्या नावाआधी, कोणाच्या नावामागे. अन्सारी किंवा मोमीन हे आडनाव रेशनकार्डावर आहे, तर आधारवर नाही. बायकांचे तर विचारूच नका : खातून, बी, बानो यांपैकी एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे आणि तिसऱ्यावर नुसतेच नाव. टेबलावरचा कारकून पाच रुपयांचा चहा घेत असेल, पण मोहम्मद आणि मोहं. हा एकच इसम आहे, हे त्याला कळत असे. यंत्राला ते शिकविल्याशिवाय कळणार नाही, आणि ज्यांनी यंत्र बनविले त्यांच्या घरात बहुधा असे नाव नसावे.

कोणी म्हणेल, एक लाख नव्वद हजारांसाठी बँकेचे कर्ज का घेतले नाही? योजनेत बिनतारण कर्जाची सोय आहे आणि व्याजही इतर कर्जांपेक्षा कमी आहे. पण व्याजाचा व्यवहार करायचा नाही, असे ज्यांनी ठरविले आहे, त्यांची संख्या आपल्या वाचकांत थोडी नाही. असा माणूस पदरचे पैसे घालतो. ग्रे कापडाच्या धंद्यात 78 हजार रुपये सहा महिने अडकले की रमजानच्या हंगामातील माल तेवढ्याने कमी उचलावा लागतो. मला ते निभावले. चार माग भाड्याने चालविणाऱ्याला निभावणार नाही, आणि म्हणूनच तो अर्ज करीत नाही.

हे दुसरीकडे कसे चालते, हे पाहण्यासारखे आहे. थंड मुलुखात घर गरम ठेवण्याचा खर्च मोठा असतो. ब्रिटनमध्ये गॅसचा बॉयलर काढून त्या जागी विजेवर चालणारा हीट पंप बसवावा, यासाठी सरकार मदत देते. तेथेही आधी चूक झाली. सप्टेंबर 2020 मध्ये घरमालकाने स्वतः अर्ज करून व्हाउचर मिळविण्याची योजना काढली. ती उभी करण्यासाठी खात्याने स्वतःला अवघे बारा आठवडे दिले होते, आणि संगणकाची व्यवस्था वेळेत तयार झाली नाही. सहा लाख घरांचे उद्दिष्ट होते, सुमारे साडेसत्तेचाळीस हजार घरे होतील असा हिशेब तेथील सरकारी लेखापरीक्षकांनी मांडला, आणि मार्च 2021 मध्ये योजना बंद झाली. 2022 मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी नवी योजना आली तेव्हा रीत बदलली. अर्ज पंप बसविणाऱ्याने करायचा, मालकाने फक्त आपली संमती कळवायची, आणि सबसिडीची रक्कम बसविणाऱ्याच्या बिलातूनच वजा होते. ऑक्टोबर 2023 पासून ही रक्कम साडेसात हजार पौंड झाली. सरकारकडून ती वसूल करण्याची जबाबदारी बसविणाऱ्याची. कागदात चूक निघाली तर खोळंबा त्याचा होतो, म्हणून तो आधी कागद नीट पाहतो.

जर्मनीत अर्ज मालकालाच करावा लागतो. पण 2024 पासून तेथील रीत अशी की ठेकेदार संगणकावर कामाचे प्रमाणपत्र तयार करून त्याचा क्रमांक देतो, मालक तो क्रमांक घालून सरकारी विकास बँकेकडे अर्ज करतो, आणि मंजुरी हातात आल्यावर मग निश्चिंतपणे काम करून घेता येते.

आपल्याकडे यातले काहीच अशक्य नाही. ग्राहक क्रमांक टाकताच वीज कंपनीची माहिती पुढे येते. त्याच क्षणी बँक खाते विचारावे, नावे ताडून पाहावीत आणि फरक असेल तर कोणत्या कागदावर काय लिहिले आहे ते स्पष्ट दाखवावे. मोहम्मद, महंमद आणि मोहं. यांत यंत्राला शंका आली, तर तो अर्ज नाकारू नये, वीज कंपनीच्या उपविभागातील माणसाकडे पाठवावा, आणि त्या माणसाने ठरावीक दिवसांत निकाल द्यावा. सबसिडी बिलातून वजा करण्याची मुभा व्हेंडरला मिळाली, तर व्याज न घेणाऱ्यांची अडचणच उरणार नाही. आपल्या व्यापारी संघटना यंत्रमागाच्या वीजदरासाठी मोर्चे काढतात, ते योग्यच आहे. परंतु या मागणीचे एक साधे निवेदनही अजून कोठे गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

काही कंपन्या आता बिलाचा फोटो काढला की अर्ज आपोआप भरून देणारा संगणकी कार्यक्रम व्हेंडरांना विकू लागल्या आहेत. चांगली सोय आहे. पण वडिलांचे नाव असलेले बिल त्या कार्यक्रमाने बिनचूक भरले, तरी ते वडिलांचेच बिल राहते. म्हणून व्हेंडरला पहिला हप्ता देण्यापूर्वी वीजबिल, आधार आणि पासबुक असे तीन कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. खाते जुने असेल तर नव्याने, बिलावर आहे त्याच नावाने उघडा. बँकेतील नाव दुरुस्त करण्यापेक्षा ते लवकर होते.

आणखी एक. ही सबसिडी फक्त घरगुती मीटरला आहे. खाली माग आणि वर राहते घर अशी आपल्याकडे शेकडो घरे आहेत, आणि अनेक ठिकाणी दोन्हींना मिळून मागाचे एकच मीटर आहे. त्यांनी आधी घरासाठी वेगळे मीटर घ्यावे, मगच व्हेंडरला बोलवावे.

माझे खाते बँकेने मागील आठवड्यात ‘एमडी’चे ‘मोहम्मद’ करून दिले. तपशील पुन्हा भरला आहे. पॅनेल चालू आहेत, बिल खरोखरच कमी आले, 78 हजारांची वाट पाहतो आहे.