चंद्राचा मुक्काम

राशिभविष्याचा रकाना आपल्या वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे वहिवाटीने चालत आला असता, ज्या आकाशाच्या नावाने ही भाकिते वर्तविली जातात त्या आकाशात आज चंद्राचा मुक्काम कोणत्या ताऱ्यापाशी आहे, याचा दोन ओळींचा तपशील तेथे क्वचितच आढळावा, ही मला मोठी विसंगती वाटते. सुमारे २७.३ दिवसांत नक्षत्रमंडळाची प्रदक्षिणा पुरी करणाऱ्या चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे, व तिचे पातबिंदू १८.६ वर्षांत एक फेरा घेत असल्यामुळे, रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा या चार तेजस्वी तारकांना तो काही वर्षे दरमहा पृथ्वीच्या कोणत्या ना कोणत्या भागातून पाहता झाकून टाकतो, आणि पुढे काही वर्षे नुसताच जवळून निघून जातो. चंद्राची रोहिणीवर विशेष प्रीती असल्याची पुराणकथा रचणाऱ्यांनी असे एखादे पिधान प्रत्यक्ष पाहिले असावे, असा आपला माझा तर्क. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ज्या भाषेत भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिला, तिला हे दारिद्र्य शोभत नाही. चंद्रनक्षत्राचे गणित पंचांगकर्त्यांनी आधीच करून ठेविलेले असते. संपादकांनी केवळ एक रकाना मोकळा करावयाचा आहे, आणि तो कोणता, हे सुज्ञांस बहुत काय लिहिणे!