हाताला कळतं, पण किती?

"आपल्या पोरांच्या हातात कला आहे." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. सत्काराच्या भाषणात, शादीच्या पंगतीत, कधी हिंदू मित्रांच्या तोंडून, अगदी मनापासून. गॅरेजात काम करणाऱ्या मुस्लिम पोराबद्दल बोलायचं म्हटलं की 'हात' येतोच. मला हल्ली या कौतुकाची भीती वाटते. त्यासाठी आमच्या मामूंच्या टेम्पोची हकीकत सांगावी लागेल.

मामूंचा चार सिलिंडरचा डिझेल टेम्पो मिरजेहून भाजी नेतो, हंगामात द्राक्षं. इंजिन गरम झालं की ऑइलचा दिवा लागायला लागला, म्हणून इंजिन उतरवलं. क्रँक ग्राइंडिंग करून आणला आणि 0.25 मिमी अंडरसाइजची बेअरिंगं बसवली. बसवणारे उस्ताद चाळीस वर्षं हेच काम करतात, माणूस सच्चा. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हातानं फिरवून बघायचे. मी विचारलं, "चाचा, मोजत नाही का?" हसले. "हात को समजता है, बेटा."

दोन महिन्यांत इंजिन ठोकायला लागलं. उघडलं तर तीन नंबरच्या बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांबं दिसत होतं. उस्ताद म्हणाले ग्राइंडिंग चुकलं, ग्राइंडिंगवाला म्हणाला फिटिंग चुकलं. दोघांकडेही एक आकडा लिहिलेला नव्हता. पैसे गेले मामूंचे, म्हणजे खरं तर मामींच्या बांगड्यांचे.

चाचांच्या हाताला काय कळत होतं? क्रँक जाम होतो की नाही, एवढं. ते खरंच कळतं. पण चालू इंजिनात क्रँक बेअरिंगवर टेकून फिरत नसतो, मधल्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्या थरासाठी किती जागा सोडायची याचा जुना ढोबळ हिशेब म्हणजे जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ. 55 मिमीच्या जर्नलला साधारण 0.055 मिमी. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो. जागा कमी पडली तर थर टिकत नाही, बेअरिंग तापून चिकटतं. जास्त झाली तर ऑइल बाजूनं निसटतं, प्रेशर पडतं आणि ठोकणं सुरू होतं. आता 0.05 ची जागा असो की 0.10 ची, क्रँक हाताला सारखाच मोकळा लागतो. घट्ट आहे हे हात सांगतो. ढिलं किती, हे जगातल्या कुठल्याच उस्तादाचा हात सांगू शकत नाही.

दुसऱ्या वेळी काम माझ्या मामेभावानं हातात घेतलं. दहावीनंतर त्यानं आयटीआयचा मेकॅनिक डिझेल केलाय. क्रँक या वेळी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून 0.50 वर ग्राइंड होऊन आला होता. त्यानं जर्नल आणि शेल पुसून कोरडे केले. प्लास्टिगेजचा धागा, मेणासारखा मऊ आणि बारीक, जर्नलवर लांबीत ठेवला. कॅप बसवून टॉर्क रेंचनं पुस्तकात दिल्याइतकी आवळली. "आता क्रँक कुणी हलवायचा नाही," म्हणाला. हलला तर धागा फासला जातो आणि माप खोटं येतं. मग कॅप काढून चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्ट्यांशी जुळवला. धागा जितका रुंद पसरलेला, तितकी जागा कमी.

पहिले दोन ठीक. तिसरा धागा एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. एकीकडे 0.051, दुसरीकडे 0.076. जर्नल एका बाजूला निमुळता होता. मायक्रोमीटरनंही तेच सांगितलं. पहिल्या वेळीही असंच झालं होतं का? कुणास ठाऊक. तेव्हा मोजलंच नव्हतं.

क्रँक परत नेला. ग्राइंडिंगवाल्यानं आधी नेहमीप्रमाणे आवाज चढवला. मग धागा पाहिला, स्वतःचा मायक्रोमीटर लावला आणि गप्प बसला. 0.75 वर पुन्हा ग्राइंड करून दिलं, पैसे न घेता. गरीब माणसाच्या बाजूनं एवढा चोख साक्षीदार मी क्वचित पाहिलाय.

मी चाचांना अडाणी म्हणत नाही. ते ज्यांच्याकडे शिकले, त्यांच्या काळी बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतायचे, निळा रंग लावून डाग बघायचे आणि हातानं घासून मेळ बसवायचे. तिथं हातच माप होता. आजचा पातळ शेल घासायचा नसतोच, त्यावरचा थर केसापेक्षाही बारीक. काम बदललं, कौतुक तेच राहिलं. (शेलच्या मागं कागद घालून ढिलेपणा काढणारेही अजून आहेत. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.)

आणि इथंच माझी तक्रार आहे, आपल्याच लोकांकडे. 'हातात कला आहे' म्हणत आपण पोराला नववीतून काढून गॅरेजात बसवतो. आयटीआयच्या मेकॅनिक डिझेलला जायला दहावी लागते, ती राहून जाते. मग मायक्रोमीटर धरणारा साहेब होतो आणि आपला पोरगा जन्मभर पाना धरतो. बाहेरचे कौतुक करतात तेही त्यांना सोयीचं असतं, कलेला पगारपत्रक लागत नाही. गिऱ्हाईकही कमी नाही. "उद्या गाडी पाहिजे," म्हणून मागं लागायचं आणि मोजायला अर्धा दिवस लागतो म्हटलं की कुरकुर करायची. मामूही तसेच होते.

माझं मागणं छोटं आहे. इंजिन बांधून घेताना बिलावर प्रत्येक बेअरिंगचं माप लिहून मागा. मिस्त्री चिडला तरी मागा. गॅरेज आपलंच असेल तर न मागता लिहून द्या.

मामूंच्या बिलाच्या मागं आता नऊ आकडे आहेत, पाच मेन बेअरिंगांचे आणि चार बिग एंडचे. ते बिल आरसीच्या पाकिटात असतं. परवा चाचा आले होते. बराच वेळ ते आकडे बघत राहिले, मग मामेभावाला म्हणाले, "वो धागा कहाँ मिलता है रे?"