सिकलसेलचे औषध मज्जेपर्यंत कसे पोहोचणार?

यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम, गोंड, परधान वस्त्यांमध्ये सिकलसेल हे नाव नवे नाही. सांध्यांतली असह्य कळ, सतत कमी असणारे रक्त आणि दवाखान्याच्या फेऱ्या घरोघरी परिचयाच्या आहेत. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या मोहिमेत २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचा मोठा भर तपासणी आणि समुपदेशनावर आहे. पण ज्यांना आजार आहेच, त्यांना नवे विज्ञान काय देऊ शकते?

एखादे जनुक गप्प करणारी औषधे आता प्रत्यक्षात आली आहेत. जनुकाचा निरोप आरएनए हा रेणू पेशीतील प्रथिनांच्या कारखान्याकडे नेतो. ‘एसआय-आरएनए’ नावाचा छोटा तुकडा हा निरोप वाटेतच नष्ट करतो. ही यंत्रणा १९९८ मध्ये उलगडली, २००६ मध्ये तिला नोबेल मिळाले. पण पहिले औषध ‘पॅटिसिरान’ अमेरिकेत मंजूर व्हायला २०१८ उजाडले.

उशीर झाला तो वाहनासाठी. हा तुकडा रक्तात लगेच तुटतो आणि पेशीच्या आवरणातून आत जाऊ शकत नाही. म्हणून त्याला स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणात गुंडाळतात. पेशी तो कण गिळते. आतल्या आम्लतेत त्यातील स्निग्ध रेणूंवर धनभार येतो, पिशवी फुटते आणि औषध मोकळे होते. अडचण अशी, की रक्तातून जाणारे हे कण बहुतांशी यकृतातच जमा होतात. त्यामुळे आजवरचे यशही मुख्यतः यकृताशी निगडित आजारांतले आहे.

सिकलसेलचा दोष मात्र तांबड्या पेशींत आहे आणि त्या अस्थिमज्जेत तयार होतात. तिथले ‘बीसीएल११ए’ हे जनुक गप्प केले, तर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि पेशी विळ्यासारख्या वाकणे कमी होते. बोस्टनमध्ये सहा रुग्णांवर झालेल्या अशा प्रयोगाचे आशादायक निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. त्यात वाहन होते विषाणूचे. रुग्णाच्या पेशी बाहेर काढून, बदलून, केमोथेरपीने मज्जा रिकामी करून त्या परत सोडाव्या लागल्या. हे सारे जिल्हा रुग्णालयात होण्यासारखे नाही.

स्निग्ध कण थेट मज्जेपर्यंत नेता आले, तर उपचार एका इंजेक्शनवर येऊ शकेल. २०२३ मध्ये उंदरांत तसे करून दाखवण्यात आले. माणसातील उपचार अजून लांब आहे. मात्र असे कण बनवण्याचे कौशल्य महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. तीही स्निग्ध पदार्थांवर आधारलेली असून साध्या फ्रीजच्या तापमानाला टिकते. हे कौशल्य सिकलसेलकडे वळवायचे, तर सरकारी संशोधन निधी लागेल. गरीब रुग्णांच्या आजारात बाजार आपणहून उतरत नाही.

तोवर हायड्रॉक्सियुरिया हाच आधार आहे. ही गोळीही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच वाढवते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करत ती नियमित घेतली तर कळा कमी होतात. ती पाड्यापर्यंत खंड न पडता पोहोचवणे, हे आजच जमण्यासारखे काम आहे.