एक नाव शोधलं की भलतंच का सापडतं? मतदार यादीतल्या शोधाची गोष्ट

मतदार याद्यांतल्या घोळाविरोधात १ नोव्हेंबर २०२५ रोजी विरोधी पक्षांनी मुंबईत ‘सत्याचा मोर्चा’ काढला. दुबार नावं नेमकी किती, यावर वाद झाला. पण लाखो नावांतून दुबार नाव शोधतात तरी कसं?

यादी पीडीएफमध्ये मिळते, पण पानं बहुतेकदा फोटोसारखी असतात. त्यात नाव टाइप करून शोधता येत नाही. शोधता येईल अशी यादी द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली नाही. हवं असेल तर स्वतः कष्ट घेऊन रूपांतर करा, असं म्हटलं. निवडणूक आयोग गोपनीयतेचं कारण देतो, आणि ते अगदीच पोकळ नाही.

मग फोटोतली अक्षरं ओसीआरने वाचून ती डेटाबेसमध्ये भरायची. पायथॉनसोबत एसक्यूलाइट आयताच मिळतो. नाव ‘उमा’ असो की ‘ज्ञानेश्वरी’, लांबी आधी ठरवावी लागत नाही. साध्या शोधात मात्र प्रत्येक ओळ तपासली जाते. म्हणून त्यातली ‘एफटीएस५’ ही सोय वापरतात. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तसंच: कोणता शब्द कुठल्या ओळीत आहे, हे आधीच लिहून ठेवलेलं. उत्तर क्षणात.

गंमत पुढे आहे. ही सोय मूळ सेटिंगमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानतच नाही. तिथे शब्द तोडते. ‘पाटील’चे होतात प, ट, ल.  त्यामुळे एक नाव शोधलं की फक्त काना-मात्रा वेगळ्या असलेलं दुसरं नावही हजर होऊ शकतं. काना-मात्रांना शब्दाचा भाग मान, असं तिला वेगळं सांगावं लागतं. एका ओळीचं काम, पण ती ओळ राहून गेली तर?

उलटही घडतं. ‘कऱ्हाडे’मधला ‘ऱ’ एका संकेताने साठवता येतो किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पायथॉनला वेगळे. म्हणजे खरं दुबार नाव निसटतं. पायथॉनच्या ‘युनिकोडडेटा’ने दोन्ही आधी एकसारखे करून घ्यावे लागतात.

त्यामुळे ‘आमच्या वॉर्डात इतके हजार दुबार’ असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी विचारा: नावं जुळवली कशी? फक्त नाव पाहिलं, की वय, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि फोटोही? एकाच गावात दोन संजय पाटील असतातच, आणि दोघांनाही मत असतं.