कोलेस्टेरॉल : दोष पदार्थाचा की नियमनाचा?

सरगूरपासून जवळच कपिला नदी धरणाने अडविलेली आहे. जलाशयाची पातळी पाहून धरणाची दारे उघडतात वा मिटतात. दारे बिघडली तर शेते पिकविणारे पाणीच गावात शिरेल. पण म्हणून पाण्याला कोणी शत्रू मानीत नाही. कोलेस्टेरॉलला मात्र आपण सर्रास शत्रू म्हणतो. हा समज शास्त्राला धरून नाही, असे आमचे मत आहे.

प्राण्यांच्या प्रत्येक पेशीभोवती मेदरेणूंचे दुपदरी पटल असते. त्यातील कोलेस्टेरॉल पटलाला थंडीत थिजू देत नाही आणि उष्णतेत सैल पडू देत नाही. मेंदूच्या पेशीपटलातून ते काढून घेतले असता सेरोटोनिनचा एक ग्राही आपले काम नीट करीनासा होतो, हे हैदराबाद येथील संशोधकांनी दाखवून दिले आहे.

पेशीला त्याचे प्रमाण कळते कसे? तिच्या आतील अंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात कोलेस्टेरॉल थोडेच असते. ते सुमारे पाच टक्क्यांखाली उतरले की तेथे अडकवून ठेवलेले एक प्रथिन सुटते. त्याचा तुकडा केंद्रकात जातो आणि दोन कामे सुरू करवितो : कोलेस्टेरॉलची निर्मिती, आणि रक्तातून ते आत घेणाऱ्या ग्राहींची वाढ. पुरवठा पुरेसा झाला की दोन्ही कामे मंदावतात.

अमेरिकेतील मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन यांना या ग्राहींच्या शोधाबद्दल १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे तीनशे माणसांत एकाला या व्यवस्थेतील दोष आनुवंशिकतेने मिळतो. मग कोलेस्टेरॉल रक्तातच साचते आणि रोहिण्यांच्या भिंतींत बसते. स्टॅटिन वर्गातील औषधे पेशीतील निर्मिती रोखतात. टंचाई जाणवताच यकृताच्या पेशी ग्राही वाढवितात व रक्तातील साठा उतरतो. औषध येथे शरीराच्या नियमनालाच कामाला लावते.

पथ्य निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. संपृक्त मेद फार खाल्ल्याने यकृतातील ग्राही घटतात. परंतु जन्मजात दोष केवळ पथ्याने जात नाही. अशा रोग्याला खादाड म्हणून दूषण देणे अन्यायाचे आहे. ज्या घरात कोणाला ऐन तारुण्यात हृदयविकार झाला असेल, तेथे मुलांचेही रक्त तपासून घ्यावे. तसेच, कोलेस्टेरॉल शरीराला आवश्यक आहे एवढेच ऐकून डॉक्टरांनी दिलेले औषध कोणी परस्पर बंद करू नये. पाणी हवेच, पण दारेही शाबूत हवीत.