‘पोलीस कारवाई’ आणि उप्सालाचा तक्ता

मराठवाडा मुक्तिसंग्रामावरील आत्मकथने व कादंबऱ्यांवर प्रबंध लिहिणारे आपले विद्यार्थी संदर्भांसाठी बहुधा गौरवग्रंथांपाशीच थांबतात. युद्धे, शस्त्रास्त्रे, लष्करी खर्च यांची आकडेवारी हा राज्यशास्त्रवाल्यांचा प्रांत, असा मराठी विभागांत रूढ समज आहे. तो सोडून द्यावा, असे आम्हांला वाटते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठ आणि ओस्लोची शांतता संशोधन संस्था यांनी सिद्ध केलेली १९४६पासूनच्या सशस्त्र संघर्षांची सूची धाराशिवात बसून, एक पैसाही न मोजता उतरवून घेता येते.

त्या सूचीत हैदराबाद आहे. तेही भारताचा अंतर्गत प्रश्न म्हणून नव्हे, तर दोन राज्यांमधील संघर्ष म्हणून! आपण मात्र ‘पोलीस कारवाई’ म्हणत आलो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेल्या सैन्याने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल ताब्यात घेतला, तेव्हा त्याच्यासोबत रणगाडे होते. (पोलिसांपाशी रणगाडे नसतात, हे सांगायला शब्दकोश लागत नाही.) एकाच घटनेला दिल्ली एक नाव देते, उप्साला दुसरे, हा प्रश्न मुळात भाषेचा आहे आणि म्हणून आपला आहे.

परंतु तक्ता हाती आला की संशोधन झाले, असेही नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८च्या अखेरीस संस्थानाचा दौरा केला. सैनिकी कारवाईच्या काळात व त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचे नाव घेतले. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. उप्सालाच्या सूचीत ही माणसे शोधू गेल्यास सापडत नाहीत. त्या सूचीसाठी वर्षाला किमान २५ मृत्यू लागतात, पण ते लढाईतले. निःशस्त्र नागरिकांच्या एकतर्फी हत्यांची वेगळी सूची तेथे आहे. ती सुरू होते १९८९पासून. रझाकारांनी मारलेले गावकरी आणि त्यानंतर सूडापोटी मारले गेलेले मुसलमान शेजारी, दोघांसाठीही त्या तक्त्यात रकाना नाही.

स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ची लष्करी खर्चाची सारणीही अशीच विनामूल्य. ती १९४९पासूनची, म्हणजे नळदुर्गच्या पुलानंतरची. तिच्यात भारताचा आकडा पाहताना निवृत्तिवेतन आणि निमलष्करी दले धरलेली असतात, हे ध्यानात ठेवावे लागते. आपल्या अर्थसंकल्पात २०२५-२६साठी संरक्षण मंत्रालयाला ६.८१ लाख कोटी रुपये होते. त्यांतले सुमारे १.६ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. सीमा सुरक्षा दलाचा खर्च मात्र गृहखात्यात शोधावा लागतो. ‘लष्करी’ या एका विशेषणाच्या व्याप्तीवर केवढी रक्कम हलते पाहा!

कवितेतील एका शब्दावर तासभर बोलणारे आपण तक्त्याखालच्या बारीक अक्षरांतील व्याख्या न वाचताच आकडा उचलतो. यापुढे आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधात आकडा आला, तर त्याची व्याख्या आम्ही मराठीत लिहून मागणार आहोत. आणि १९४८ पाहिलेली जी थोडी माणसे तुळजापूर-उमरग्याच्या गावांत अजून आहेत, त्यांच्याकडे या सुट्टीतच जायला सांगणार आहोत.