दुःखाला मोकळी हवा हवी

घरात कोणी गेले की आपण मुलांना आधी शेजारी पाठवतो आणि नंतर "रडू नकोस, अभ्यासाला बस" असे सांगतो. आमच्याकडेही हेच झाले. गेल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. तेरावे झाले, पाहुणे परतले. पण चौथीत शिकणारी आमची मुलगी आजीच्या रिकाम्या पलंगाकडे बघत बसायची, बोलायची काहीच नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी सासऱ्यांना घेऊन आम्ही चौघे सिरपूर तलावावर गेलो. होळकरांच्या काळातला हा तलाव २०२२ पासून रामसर यादीत आहे. थंडीत तिथे दूरदेशीची बदके उतरतात. बांधावरून चालताना मुलीने विचारले, "आजोबा, आजीला ही बदके आवडली असती ना?" सासरे थबकले. मग आजीच्या कितीतरी आठवणी निघाल्या. दोघेही रडले आणि घरी येऊन पोटभर जेवले.

तेव्हापासून ही फेरी चुकत नाही. दुःख संपलेले नाही, पण आता ते कोणा एकट्याचे नाही. घरात समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते झाडापाण्याजवळ बरोबर चालताना सहज ओठावर येते. मात्र मूल कित्येक आठवडे नीट जेवत-झोपत नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच.

पालकहो, मुलांना दुःखापासून दूर ठेवू नका. त्यांना बरोबर घेऊन बाहेर पडा. आणि विश्वस्त मंडळाला विनंती, अशा मुलांना महिनाभर तरी रविवारचा गृहपाठ माफ असावा.